मन थकतं तेव्हा: मंडळीतल्या बंधुभगिनींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजाऱ्यांना आणि शोकात असलेल्या घरांना भेटायला जाणाऱ्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गटात मी बरीच वर्षं आहे. उपासना संपते, लोक पांगतात, आणि मग दाराशी कुणीतरी रेंगाळतं. इकडेतिकडे बघून हळू आवाजात काहीतरी विचारतं. तेच प्रश्न इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही आणि पाळकही नाही. जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

मी रोज प्रार्थना करते, वचन वाचते, तरी मन उदास राहतं. माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही. हे आधीच सांगते, कारण हा प्रश्न विचारणारी व्यक्ती पुढचं सगळं ऐकायच्या मनःस्थितीत नसते.

एलीया संदेष्ट्याचं उदाहरण घ्या. कर्मेल डोंगरावर त्याने आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस पाहिला. त्यानंतर ईजबेल राणीची एक धमकी आली आणि हा माणूस जीव घेऊन पळाला. एक दिवसाची वाट रानात चालून रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. १ राजे १९ व्या अध्यायात हे सगळं आहे. आता देव त्याला काय म्हणाला ते बघा. काहीच नाही. एलीया झोपला. देवदूताने त्याला हात लावून उठवलं आणि खा म्हटलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती, पाण्याचा चंबू होता. तो खाऊनपिऊन पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवलं तेव्हाही दूताने एवढंच सांगितलं की खा, तुला झेपणार नाही इतकी पुढची वाट लांब आहे.

त्यानंतर ४० दिवस चालून तो होरेब डोंगराला पोचला. तिथे देवाने त्याला प्रश्न विचारला, त्याची कैफियत ऐकून घेतली, पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि तीच कैफियत पुन्हा ऐकली. मग सांगितलं की तू एकटा नाहीस, बआल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले ७००० लोक इस्राएलात आहेत. आणि अलीशा त्याच्या सोबतीला दिला.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी झोप आणि अन्न, मग पुन्हा झोप, मग ऐकून घेणं, मग माणसाची सोबत. आपण मात्र खचलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत वचन ऐकवतो आणि तो जेवला का, झोपला का हे विचारायचं राहून जातं. तुमचं मन उदास असेल तर आधी हे दोन प्रश्न स्वतःला विचारा. विश्वासाचं मोजमाप करायची ती वेळ नव्हे.

प्रेषित पौलानेही करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात कबूल केलं आहे की आसियात आमच्यावर इतका भार पडला की जगण्याचीही आशा सुटली होती. त्याने हे लपवून ठेवलं नाही. एका अख्ख्या मंडळीला पत्रातून कळवलं.

पण "कशाविषयीही चिंता करू नका" असं वचनच आहे. मग चिंता करणं हे पाप नाही का?

फिलिप्पैकरांस पत्र पौलाने बंदिवासातून लिहिलं. आपण जगणार की मरणार हे ठरलेलं नाही, असं तो त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात बोलतो. म्हणजे चौथ्या अध्यायातलं ते वाक्य सुखात बसलेल्या माणसाने दुःखात असलेल्याला दटावलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे, तेच दोन अध्याय आधी आपला सहकारी तीमथ्य याचं कौतुक करताना आलं आहे: तुमची मनापासून काळजी करील असा त्याच्यासारखा दुसरा माझ्याजवळ नाही. माया असली की काळजी येतेच. आजारी मुलाच्या उशाशी जागणाऱ्या आईला "चिंता करू नको, ते पाप आहे" असं सांगू नये. त्या वचनाचा पुढचा अर्धा भाग बघा. प्रत्येक गोष्टीत आपली मागणी देवाला कळवा, असं तिथे आहे. म्हणजे काळजी कुठे नेऊन ठेवायची याची ती वाट आहे.

मी स्वतः हे कागदावर करते. ज्या ज्या गोष्टीची धाकधूक आहे ती लिहायची. त्यातल्या ज्या गोष्टीबाबत या आठवड्यात आपल्याला काही करता येईल तिच्यासमोर ती एक कृती लिहायची. बाकीच्या गोष्टी प्रार्थनेत नाव घेऊन, मोठ्याने, एकेक करून सांगायच्या. "प्रभू, सगळं तुला ठाऊक आहे" एवढ्यावर आटोपलं की मन मोकळं होत नाही, असा माझा अनुभव आहे.

रात्री छाती धडधडते, श्वास अडकल्यासारखा होतो, अशा वेळी काही मिनिटं श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. संथ, लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरायला मदत होते. असं वारंवार होत असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल तर मात्र हे नक्की मनाचंच आहे असं घरच्या घरी ठरवू नका, लगेच जा.

प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत. काय करू?

स्तोत्र ८८ वाचा. १५० स्तोत्रांतलं हे सगळ्यात काळोखं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारावरच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि शतकानुशतकं विश्वासणाऱ्यांनी ते प्रार्थना म्हणून म्हटलं आहे. तुमच्या तोंडी शब्द नसतील तेव्हा दुसऱ्याचे शब्द उसने घ्यायला काहीच हरकत नाही. स्तोत्र १३ मधलं "कुठवर?", स्तोत्र ४२ मधलं स्वतःच्याच जिवाशी बोलणं, प्रभूची प्रार्थना, लहानपणापासून पाठ असलेलं एखादं गीत. तेही जमत नसेल तर गप्प बसा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटलं आहे की प्रार्थना कशासाठी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

आणि काही आठवडे दुसऱ्यांना तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून येशूपुढे उतरवलं. मार्कने लिहिलंय की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला.

मानसिक आजारासाठी डॉक्टरकडे गेलं, गोळ्या घेतल्या, तर देवावर भरवसा नाही असं होतं का?

होत नाही. चष्मा लावल्याने होत नाही, मधुमेहाची गोळी घेतल्याने होत नाही, तसंच याही गोळीने होत नाही.

पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक होता. कलस्सैकरांस पत्रात पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. तीमथ्याची वरचेवरची दुखणी आणि पोटाची तक्रार पौलाला माहीत होती. त्याने त्याला आणखी उपास करायला सांगितलं नाही. थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं, त्या काळी पोटाच्या तक्रारीवर तो घेत असत. आणि ज्या पौलाच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले, त्यानेच तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी नोंदवलं आहे की त्रोफिम आजारी होता, म्हणून मी त्याला मिलेतात ठेवून आलो. त्रोफिमाच्या विश्वासाबद्दल तिथे एकही वाकडा शब्द नाही.

उदासीपाठी कधी कधी निव्वळ शारीरिक कारण निघतं. थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, यांमुळेही माणूस गळून जातो, कशात मन लागत नाही. साध्या रक्ततपासणीत हे कळतं. डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली तर तिचा गुण यायला बहुधा काही आठवडे लागतात, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून माणूस सोडून देतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. माझ्या ओळखीतल्या एका भगिनीला प्रार्थनासभेत कुणीतरी सांगितलं की तू बरी झालीस, आता विश्वासाने औषध टाकून दे. तिने त्याच रात्री टाकलं. पुढचे दोन महिने त्या घराने जे भोगलं ते मी जवळून पाहिलं आहे. ज्याने सांगितलं त्याचा हेतू वाईट नव्हता. पण औषध सुरू करणं, कमी करणं, बंद करणं हा निर्णय ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा आहे. या गोळ्या एकदम बंद केल्याने त्रास होऊ शकतो. त्या हळूहळू कमी कराव्या लागतात. देवाने बरं केलं असेल तर डॉक्टरांच्या तपासणीतही ते दिसेल. घाई कशाला?

नुसती उदासी आणि आजार यांतला फरक ओळखायचा कसा?

वाईट दिवस सगळ्यांचे येतात आणि जातात. पण बहुतेक सगळा दिवस, जवळजवळ रोज, असं दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन खिन्न असेल, आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, अंगात त्राण वाटत नसेल, आपण काही कामाचे नाही असं सतत वाटत असेल, तर डॉक्टरांची वेळ घ्या. आणखी दोन आठवडे वाट बघू, असं म्हणू नका.

बाळंतिणीकडे विशेष लक्ष द्या. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, हळवं होणं पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं, किंवा बाळाबद्दल भीतिदायक विचार येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मंडळीत सगळे बाळाला बघायला येतात. आईला बाजूला घेऊन "तू कशी आहेस?" हे कुणीतरी विचारायला हवं.

कुणी "आता जगावंसं वाटत नाही" असं म्हणालं तर?

ते वाक्य गांभीर्याने घ्या. "असं बोलू नये" म्हणून विषय बदलू नका. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही भीती खरी नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. इजा करता येईल अशा वस्तू तिच्या हाताशी राहणार नाहीत असं बघा. घरच्या विश्वासू माणसाला बोलवा, तुमच्या देशातल्या मदतवाहिनीला फोन करा, आणि धोका आत्ताचा वाटत असेल तर थेट रुग्णालयात न्या. "हे कुणाला सांगू नकोस" असं वचन मागितलं तर ते देऊ नका. प्रेमाने म्हणा, "तुझा जीव मला जास्त मोलाचा आहे, म्हणून हे मी एकट्यापाशी ठेवणार नाही."

पापाची, नरकाची भीती घालू नका. मरण मागितलेली माणसं पवित्र शास्त्रात आहेत. एलीयाचं वर आलंच. गणना ११ मध्ये मोशे आहे, योनाच्या चौथ्या अध्यायात योना आहे. यिर्मया २० मध्ये तर संदेष्टा आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. देवाने यांच्यापैकी एकालाही टाकून दिलं नाही.

१९५३ साली लंडनमध्ये चाड वाराह नावाच्या अँग्लिकन पाळकांनी आपल्या चर्चमधून आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी एक दूरध्वनी सुरू केला. ते स्वतः समुपदेशन करायचे. त्यांना भेटायला आलेल्यांना थांबावं लागायचं, त्या वेळात मंडळींपैकी काही साधे स्वयंसेवक त्यांच्याजवळ बसायचे, चहा द्यायचे, ऐकायचे. थोड्याच दिवसांत वाराह यांच्या लक्षात आलं की बरेच जण त्या बसण्या-ऐकण्यानेच हलके होतात, त्यांना आपल्यापर्यंत यायची गरजही उरत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी ते काम त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. तेच पुढे समॅरिटन्स म्हणून ओळखलं जाऊ लागलं. "मला काय येतं?" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

ज्या घरात मरण झालंय तिथे गेल्यावर काय बोलावं?

शक्य तितकं कमी. ईयोबाच्या मित्रांची आपण नेहमी निंदा करतो, पण त्यांनी एक गोष्ट उत्तम केली होती. बातमी कळताच ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. त्यांनी कारणं द्यायला सुरुवात केली आणि पुस्तकाच्या शेवटी देवाने त्यांनाच सुनावलं.

"देवाची इच्छा होती", "देवाला तो अधिक प्रिय होता", "यातून काहीतरी चांगलंच होईल", "निदान फार हाल झाले नाहीत". ही वाक्यं आपण आपल्याच अवघडलेपणावर उपाय म्हणून बोलतो. ज्याचं माणूस गेलंय त्याला ती टोचतात. लेकरू गेलेल्या आईला देवाला तिचं बाळ जास्त आवडलं असं सांगितलं, तर ती त्या देवाकडे पुन्हा कशी बघेल?

माझे वडील गेले तेव्हा आलेल्यांपैकी कोण काय बोललं ते मला आठवत नाही. एक वयस्कर भगिनी आल्या होत्या त्या आठवतात. त्या माझ्या शेजारी बसल्या, माझा हात हातात घेतला आणि निघताना म्हणाल्या, "मी गुरुवारी पुन्हा येते." आणि गुरुवारी आल्या. नंतरच्या गुरुवारीही आल्या. त्यांच्याकडून मी शिकले की "काही लागलं तर सांगा" हे वाक्य दुःखातल्या माणसावर आणखी एक काम टाकतं. काय लागेल हे ठरवायचं, मग कुणाकडे मागायचं, मग संकोच. त्यापेक्षा नेमकं बोलावं: मुलांना मी शाळेत सोडीन, कागदपत्रांच्या कामाला मी सोबत येईन, रात्री मुक्कामाला राहीन.

गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला कचरू नका. नाव काढलं तर त्यांना आठवण येईल असं आपल्याला वाटतं. ती आलेलीच असते. पहिले दहा-पंधरा दिवस घर भरलेलं असतं. खरी गरज दोन-तीन महिन्यांनी असते, फोन यायचे थांबतात तेव्हा. आमच्या गटात आम्ही वहीत मरणाची तारीख लिहून ठेवतो आणि वर्षभराने त्या दिवशी आठवणीने भेटायला जातो.

आशा आहे तर मग इतकं रडायचं कशाला, असं घरातलेच म्हणतात.

थेस्सलनीकाकरांस लिहिताना पौल दुःख करू नका असं म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं दुःख करू नका, असं म्हणतो. लाजराला काही क्षणांत उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्या कबरेकडे जायला निघताना तो रडला. रडून घ्या.

घरात मारहाण, छळ होतोय. मंडळीतले म्हणतात क्षमा कर, सहन कर, प्रार्थना कर.

आधी सुरक्षित जागी जा. क्षमेचा विचार तिथे बसून करता येईल.

शौल राजाने दाविदावर भाला फेकला तेव्हा दावीद निसटला आणि त्याच रात्री पळून गेला. पुढे शौलाला मारायची संधी दोनदा हाती आली आणि दोन्ही वेळा त्याने त्याला जिवंत सोडलं. मनात सूड ठेवला नाही. पण दुसऱ्या वेळी शौल "माझ्या मुला, परत ये" म्हणाला, तेव्हाही दावीद परत गेला नाही. १ शमुवेल २६ च्या शेवटी स्वच्छ लिहिलं आहे: दावीद आपल्या वाटेने गेला आणि शौल आपल्या ठिकाणी परतला. क्षमा करूनही अंतर ठेवता येतं.

मंडळीतल्या वडीलजनांना आणि पाळकांना माझी विनंती आहे. अशी भगिनी, किंवा असं लेकरू, तुमच्यापाशी आलं तर नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नका. घरी गेल्यावर तिलाच त्याची किंमत मोजावी लागते. तिचं एकटीचं ऐका, तिच्यावर विश्वास ठेवा, कायद्याची आणि वैद्यकीय मदत कुठे मिळेल ते शोधून द्या. मुलांचा छळ होत असेल तर तो मंडळीच्या भिंतींआड मिटवायचा विषयच नव्हे, कायद्याने जिथे कळवायला हवं तिथे कळवा.

मी विश्वासाने सांगितलेली गोष्ट "प्रार्थनेचा विषय" म्हणून सगळीकडे पसरली. आता कुणाशी बोलू?

हे होतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर "अमक्या बहिणीच्या संसारासाठी प्रार्थना करा" असा निरोप पडला की तासाभरात सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. हेतू प्रार्थनेचा असला तरी नीतिसूत्रे ११:१३ ज्याला गौप्यस्फोट म्हणतं तो हाच.

ज्यांनी केलं त्यांना शक्य असेल तर शांतपणे सांगा की मला हे लागलं. पुढच्या वेळी बोलण्याआधीच म्हणा: "हे तुमच्यापाशीच राहू द्या, गटावर टाकू नका." असं म्हणण्यात अविश्वास नाही. आणि ज्यांच्यापाशी लोक बोलतात त्यांनी एक सवय लावून घ्यावी. ऐकून झालं की विचारायचं, "यातलं मी कुणाला सांगू का?" नको म्हटलं तर विषय तिथेच संपला, नवरा-बायकोतसुद्धा. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तोही त्या व्यक्तीला सांगून.

विश्रांती घेतली की अपराधी वाटतं. सेवा अर्धवट टाकल्यासारखं होतं.

शिष्य सेवेवरून परत आले, सांगण्यासारखं पुष्कळ होतं, लोकांची ये-जा इतकी की जेवायलाही सवड नव्हती. तेव्हा येशू त्यांना म्हणाला, एकान्तात चला आणि थोडा विसावा घ्या. मार्कच्या सहाव्या अध्यायात हे आहे. त्याआधी चौथ्या अध्यायात तो स्वतः वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला आहे.

शब्बाथाची आज्ञा अनुवाद ५ मध्ये वाचा. तिथे कारण दिलं आहे: तू मिसर देशात दास होतास, हे आठव. दासाला सुट्टी नसते. स्वतंत्र केलेल्या लोकांना देवाने विसावा दिला, आणि तो नोकराचाकरांना आणि बैलालाही दिला. ज्या घरात एकीच्या राबण्यावर बाकीच्यांचा विसावा चालतो, तिथे ही आज्ञा अर्धीच पाळली जाते.

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोपेची गरज असते. आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं किंवा तेवढ्या श्रमाची हालचाल असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालताना स्तोत्र म्हटलं तर दोन्ही होतं.

मंडळीत प्रत्येक कामाला मलाच बोलावतात. नाही म्हणू का?

म्हणा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे न्याय करत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो आला, दिवसभर बघत राहिला आणि म्हणाला, हे ठीक नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. मग त्याने उपाय सांगितला: हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेम. निर्गम १८ मधली ही गोष्ट मंडळीच्या प्रत्येक समितीने वर्षातून एकदा वाचावी. "लोकही झिजतील" हे मला विशेष वाटतं. एकजण सगळं करत राहिला की बाकीच्यांना देवाने दिलेली दानं वापरलीच जात नाहीत.

पाळकांच्या घराचंही यात धरा. त्यांना आठवड्याचा एक दिवस पूर्ण मोकळा मिळतो का? त्या दिवशी, मरण किंवा आणीबाणी सोडून, आपण त्यांना फोन करायचं टाळतो का? त्यांच्या बायकोला, मुलांना कुणी मंडळीबाहेरचं मोकळेपणाने बोलायला आहे का? अमालेकी लोकांशी लढाईच्या दिवशी मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवले. आधी त्याला बसायला धोंडा दिला. वाचताना तो धोंडा सहज नजरेतून सुटतो.

इतक्या माणसांत बसूनही एकटं वाटतं. काय करू?

मोठ्या उपासनेत ओळख वाढत नाही, हे सगळीकडे असंच आहे. लहान गट शोधा. जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात मेथडिस्ट लोकांचे साधारण बाराबारा जणांचे वर्ग केले. दर आठवड्याला तिथे प्रत्येकाला विचारलं जायचं की तुझ्या जिवाचं कसं चाललंय. असा गट तुमच्या मंडळीत नसेल तर तिघांपासून सुरू करा. एकच दिवस, एकच वेळ, तासभर. नवं कुणी आलं की पुढाकार जुन्यांनी घ्यावा, नव्याने नव्हे.

मला धीर द्यायचा आहे, पण मला प्रार्थना सुंदर करता येत नाही, वचनंही पाठ नाहीत.

कुप्र बेटावरचा योसेफ नावाचा एक लेवी होता. प्रेषितांनी त्याचं नाव बर्णबा ठेवलं, म्हणजे धीर देणारा. प्रेषितांची कृत्ये वाचताना त्याची लांबलचक भाषणं सापडत नाहीत. पण शौलाला, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्याला, सगळे भीत होते तेव्हा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे कोणी नेलं? बर्णबाने. त्याला शोधायला तार्सापर्यंत कोण गेलं? बर्णबा. प्रवासात मध्येच परत फिरलेल्या मार्काला पौलाने नको म्हटलं, तेव्हा त्याला सोबत घेतलं तेही बर्णबानेच. पुढे तोच पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला आपण कैवारी म्हणतो. त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ आहे, शेजारी येऊन उभं राहण्यासाठी बोलावलेला. धीर देणं याला नव्या करारात जो शब्द आहे तोही त्याच कुळातला.

अनेसिफर नावाचा आणखी एकजण आहे, फार थोड्यांना आठवतो. त्याचं एकही वाक्य पवित्र शास्त्रात नाही. पौलाने त्याच्याबद्दल एवढंच लिहिलं आहे: माझ्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही, रोममध्ये आल्यावर त्याने झटून माझा शोध केला आणि मला गाठलं.

तर जायच्या आधी फोन करा. अर्ध्या तासाहून जास्त बसू नका. फोन खिशात ठेवा. "कसं चाललंय?" विचारलं की उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा, मध्ये शांतता पडली तरी ती भरू नका. प्रार्थना करू का, हे विचारून करा, दोनच वाक्यं पुरतात. आणि उठताना पुन्हा कधी येणार तो वार सांगा.